जुन्या गाडीची थरथर आणि सस्पेन्शनचे बुश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरत आला की नाशिकमधल्या ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. 'गाडी ऐंशीच्या पुढे गेली की स्टेअरिंग थरथरतं', 'पाथर्डी फाट्यापर्यंत ठीक होती, विल्होळीनंतर सगळी गाडी हलायला लागली'. बहुतेक गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या, पुढे दोन लोअर आर्म (चाकाला चासीशी जोडणारे खालचे दांडे) आणि स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरची उभी जोडी) असलेल्या साध्या हॅचबॅक किंवा सेडान. त्यांच्याबद्दल विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मी स्वतः गाडीखाली झोपून केलेल्या कामातून आली आहेत.

गाडी थरथरते म्हणजे बुश गेले, असं समजायचं का?

नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. बुश हा लोखंडी नळी आणि लोखंडी कडं यांच्यामध्ये चिकटवलेला रबराचा तुकडा. तो स्वतःहून थरथर निर्माण करत नाही. थरथर निर्माण करतं चाक, ब्रेकची डिस्क, ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाक फिरवणारा दांडा) किंवा इंजिन. ती अंगावर घेऊन जिरवणं हे बुशाचं काम. बुश फाटला की पूर्वी जी थरथर तुमच्या हातापर्यंत पोचतच नव्हती, ती पोचायला लागते.

त्यामुळे बहुतेक वेळा दोष दोन असतात. एक थरथर निर्माण करणारा आणि एक ती आत सोडणारा. फक्त बुश बदलले तर फरक पडतो, पण पूर्ण समाधान होत नाही. फक्त बॅलन्सिंग (रिमला छोटी वजनं लावून चाकाचा तोल साधणं) केलं तर महिनाभर बरं वाटतं, मग एक छोटं वजन गळून पडतं आणि पुन्हा तेच.

चाकातला थोडासा फरक एवढा कसा जाणवतो?

हिशेब करून पाहा. १६५/८० आर १४ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर, म्हणजे चाक सेकंदाला जवळपास १३ वेळा फिरतं. रिमच्या कडेला २० ग्रॅमचा फरक असेल, तर या वेगाला तो फरक सुमारे सव्वादोन किलो वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर ओढतो, तेही सेकंदाला १३ वेळा, दर वेळी फिरत्या दिशेने. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो. म्हणून ४०ला काही कळत नाही आणि ९०ला स्टेअरिंग हातात नाचतं. ११०ला कधीकधी पुन्हा कमी होतं, कारण सस्पेन्शनची स्वतःची एक लय असते आणि त्या लयीच्या आसपासच थरथर सगळ्यात मोठी होते. बुश सैल झाले की ही लयही बदलते.

गॅरेजला जाण्याआधी मी स्वतः काय पाहू?

आधी चाकाचे नट. हसू नका, पंक्चर काढल्यावर हाताने फिरवून तसेच राहिलेले नट मी तीनदा पाहिले आहेत. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

मग रिमची आतली बाजू. दिंडोरी, निफाड, लासलगाव पट्ट्यातल्या मळ्यांतून, द्राक्षबागांच्या वाटांवरून जी गाडी जाते, तिच्या रिमच्या आत काळी माती बसते. ओली असते तोवर गळत राहते, वाळली की दगडासारखी एकाच जागी चिकटून राहते. एका शेतकरी मित्राच्या गाडीतून मी एका चाकात मूठभर माती काढली होती. दोन ठिकाणी बॅलन्सिंग करून झालं होतं, आणि दोन्ही ठिकाणी त्या मातीसकटच केलेलं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने रिम आतून धुवा आणि मग ठरवा.

नंतर टायर. हवा थंड असताना तपासा. बाजूच्या भिंतीवर फुगा आहे का पाहा. पृष्ठभागावरून तळहात फिरवा: एखाद्या ठिकाणी उंचवटा लागला तर आतली तारेची पट्टी सुटली असण्याची शक्यता आहे. असा टायर ३०-४०च्या वेगालाही गाडी डोलवतो. तो टायर महामार्गावर नेऊ नका, लगेच काढा.

थरथर नेमकी कुठून येते हे कसं ओळखायचं?

चार गोष्टी लिहून ठेवा: कोणत्या वेगाला, गॅस (ॲक्सिलरेटर) देताना की सोडताना, ब्रेक लावल्यावर की न लावता, आणि हातात जाणवते की सीटमध्ये.

हातात जाणवली तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली आणि कमरेत जाणवली तर बहुधा मागची. खात्री करायची असेल तर पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून त्याच रस्त्यावरून पुन्हा जा. थरथर हातातून सीटकडे सरकली, तर दोष चाकातच आहे. या चाचणीला फक्त अर्धा तास लागतो.

ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला, मोकळा रस्ता पाहून, क्षणभर क्लच दाबा. थरथर तशीच राहिली तर चाकं आणि सस्पेन्शन. नाहीशी झाली तर इंजिन किंवा ड्राइव्ह शाफ्ट. कसाऱ्याचा किंवा पेठ रस्त्यावरचा चढ चढताना गॅस दिला की गाडी डावी-उजवी हलते आणि पाय काढला की थांबते, हे गिअरबॉक्सच्या बाजूच्या आतल्या जॉइंटचं लक्षण. पूर्ण वळण घेताना टक-टक-टक येते ती चाकाच्या बाजूच्या जॉइंटची. उभ्या गाडीत सिग्नलला एसी लावल्यावर आरसा थरथरतो आणि किंचित गॅस दिला की थांबतो, तिथे इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबरी आधार, पाहा. बुशांना हात लावू नका.

वेगाबरोबर वाढणारी घुमणारी 'घुर्रर' आणि वळणावर तिचा आवाज बदलणं हे चाकाच्या बेअरिंगचं.

ब्रेक लावला की स्टेअरिंग थरथरतं. हे डिस्कचं की बुशाचं?

सुरुवात डिस्कपासून होते. डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिली नाही की पॅड तिला एका फेरीत कमी-जास्त धरतात. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवूनच उतरण्याची सवय असेल तर हे लवकर होतं. कसारा उतरताना खालच्या गिअरमध्ये उतरा. पण थरथर दर वेळी फक्त डिस्कमुळेच एवढी मोठी होते असं नाही. ब्रेक लागला की चाक मागे ढकललं जातं आणि त्या भाराचा मोठा भाग लोअर आर्मच्या मागच्या बुशावर येतो. तो फाटलेला असेल तर चाक दर फेरीला थोडं मागे-पुढे होतं आणि छोटा दोष मोठा होऊन हातात येतो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजमाप त्याच्या खाली असेल तर लेथवर घासून घेऊ नका, बदला.

बुश गेल्याची खरी लक्षणं कोणती?

माझ्या अनुभवात चार पक्की आहेत. गतिरोधकावरून हळू जाताना 'खट्ट'. रिव्हर्समध्ये थोडं मागे जाऊन ब्रेक लावला की एकच ठोका, पुन्हा पुढे जाऊन ब्रेक लावला की परत एक. सरळ रस्त्यावर गाडी आपोआप इकडे-तिकडे जाते, सारखं स्टेअरिंग सावरावं लागतं. आणि पुढचा टायर आतल्या कडेने खाल्ला जातो, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) केल्यावरही.

निफाडच्या थंडीत सकाळी कुरकुर आणि दुपारी शांत असा प्रकार असेल, तर साबणाचं पाणी एकेका बुशावर फवारा. ज्यावर फवारल्यावर कुरकुर थोडा वेळ थांबते, तो बुश सापडला. तेल मारू नका, खनिज तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं. इंजिनचं तेल गळून बुशावर पडत असेल तर आधी ती गळती बंद करा, नाहीतर नवा बुशही जाईल.

गाडीखाली जाऊन तपासायचं कसं?

सुरक्षेचं आधी. गाडी फक्त जॅकवर असताना खाली जायचं नाही, कधीच नाही. सपाट, कडक जमीन, मागच्या चाकांना दगड किंवा लाकडाचे ठोकळे, हँडब्रेक, आणि दोन्ही बाजूंना लोखंडी स्टँड. मातीच्या अंगणात हे काम करू नका.

टॉमी (लांब लोखंडी पहार) घेऊन आर्म आणि चासीच्या मधून हळूच पेलून पाहा. चांगला बुश थोडा दबतो आणि सोडल्यावर परत येतो. गेलेला बुश सहज सरकतो, आतली नळी रबरापासून सुटलेली दिसते किंवा लोखंड लोखंडाला लागतं. रबरावरच्या बारीक भेगा पाहून घाबरू नका, वरवरच्या भेगा वयाने येतात. भेग नळीपर्यंत गेली असेल किंवा रबर कड्यापासून सुटलं असेल, तेव्हा बदलायचा. काही गाड्यांच्या मागच्या बुशात द्रव भरलेला असतो. तिथे काळपट ओल दिसली तर तो फुटला.

त्याच वेळी चाक वर-खाली धरून हलवा (बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळीचा सांधा, आणि बेअरिंग) आणि डावी-उजवीकडे हलवा (टाय रॉड एंड, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा). स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या आडव्या दांड्याच्या) लिंक रॉडचा आवाज बुशासारखाच येतो, आणि तो बदलणं स्वस्त आहे. तो नक्की पाहा.

समृद्धी महामार्गावर गेल्यावरच थरथर का कळली?

शहरात तुम्ही ५०-६०च्या वर जातच नव्हता. द्वारका, मुंबई नाका इथल्या गर्दीत आणि सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यांवर थरथर लपून जाते. समृद्धीवर मोटारींना ताशी १२०ची मर्यादा आहे, आणि तिथे पहिल्यांदा गाडीची खरी परीक्षा होते. एक सूचना: सिमेंटच्या रस्त्याला आडव्या खाचा असतात, त्यांची बारीक गुणगुण टायरांतून ऐकू येते. ती थरथर समजू नका. डांबरी रस्त्यावर तीच थांबली तर रस्त्याची आहे.

जुन्या गाडीची पहिलीच लांब फेरी त्या वेगाला करू नका. आधी सिन्नरकडे ८०ने जाऊन या.

फक्त बुश बदलायचा की सगळा लोअर आर्म?

आर्म सरळ असेल, गंज वरवरचा असेल आणि बॉल जॉइंट घट्ट असेल तर फक्त बुश. बॉल जॉइंटही सैल असेल आणि तो आर्मला पक्का बसवलेला असेल, तर पूर्ण आर्म घेणं शहाणपणाचं. दोनदा मजुरी आणि दोनदा अलाइनमेंट देण्यापेक्षा ते परवडतं. खड्ड्यात जोरात आदळलेली गाडी असेल तर दोन्ही आर्म शेजारी ठेवून तुलना करा, किंचितसा वाकलेला आर्मही अलाइनमेंट कधीच नीट होऊ देत नाही.

दोन्ही बाजू एकत्र बदला. एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला दहा वर्षांचं रबर असेल तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते.

जुना बुश कसा काढायचा?

हायड्रॉलिक प्रेसवर. अंबड आणि सातपूर औद्योगिक वसाहतींच्या आसपास लेथ-प्रेसची कामं करणारी छोटी वर्कशॉप आहेत. आर्म काढून तिथे न्या. गॅसच्या ज्वाळेने रबर जाळून काढू देऊ नका. धूर विषारी असतो आणि आर्मचा रंग जळून तिथून गंज धरतो. छिन्नीने काढताना आर्मच्या भोकावर ओरखडे पडले तर नवा बुश पक्का बसत नाही.

बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावर यायला हवा. त्यासाठी बरोबर मापाची नळी मध्ये ठेवावी लागते. दाब आतल्या नळीवर आला तर बसवतानाच रबर फाटतं, वरून काही दिसत नाही आणि महिन्याभरात आवाज येतो. प्रेसवाल्यासमोर उभे राहा आणि नळी कुठे टेकवतोय ते पाहा. चांगला कारागीर याचा राग मानत नाही.

काही बुशांत रबरामध्ये मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. त्या कोणत्या दिशेला आहेत यावर गाडीचा गुण ठरतो. जुना काढण्याआधी फोटो घ्या, आर्मवर खडूने खूण करा आणि नवा त्याच दिशेत बसवा.

बसवताना साबणाचं पाणी वापरा, ग्रीस नको.

घरी आर्म काढता येईल का?

हाताला सवय असेल तर येतो. गंजलेल्या बोल्टला आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. स्टॅबिलायझरची लिंक सोडवताना दोन्ही बाजू वर असू द्या, नाहीतर दांडा पीळ घेऊन हातावर येतो. बॉल जॉइंट नकलमधून (चाकाचं बेअरिंग ज्यात बसतं त्या भागातून) सोडवल्यावर नकल बाहेर ओढू नका, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट सुटून येतो. आणि स्ट्रटच्या वरचा मधला नट अजिबात सैल करू नका. त्याच्या खाली दाबलेली स्प्रिंग आहे.

तुम्ही सारखं म्हणता 'बुशाचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करून आवळा'. का?

हेच सांगण्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो.

बुशाची आतली नळी बोल्टने चासीला घट्ट होते आणि बाहेरचं कडं आर्मबरोबर फिरतं. मधलं रबर घसरत नाही, ते पिळतं. आर्म वर-खाली झाला की रबराला दोन्ही बाजूंना थोडाथोडा पीळ बसतो आणि सुटतो. आता गाडी जॅकवर आहे, चाक लोंबकळतंय आणि त्या अवस्थेत तुम्ही बोल्ट पूर्ण आवळलात. मग गाडी खाली उतरवली. आर्म बराच वर आला आणि रबर त्या क्षणापासून कायमचं पिळलेलं राहिलं. गाडी उभी असतानाही. प्रत्येक खड्ड्यात त्या पिळावर आणखी पीळ. ते फाटणारच.

माझ्या स्वतःच्या गाडीचं हेच झालं. शहरातल्या एका गॅरेजमध्ये चांगल्या कंपनीचे बुश बसवले, चार महिन्यांत दोन्ही फाटले. मी माल डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानात परत घेऊन गेलो. तिथल्या वयस्क काकांनी फाटलेला बुश हातात घेतला, चीर तिरकी गेलेली दाखवली आणि विचारलं, 'दादा, आवळताना गाडी खाली होती का वर?' त्या एका प्रश्नामुळे मी पुढचे सगळे बुश स्वतः बसवले. ते बुश सहा पावसाळे टिकले आहेत.

पद्धत अशी. काम सुरू करण्याआधी, गाडी जमिनीवर असताना, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजून लिहून ठेवा. आर्म बसवताना बोल्ट फक्त हाताने घट्ट करा. मग आर्मखाली, बॉल जॉइंटच्या जवळ, जॅक लावून ते अंतर पुन्हा मिळेपर्यंत उचला. गाडीची बॉडी स्टँडवरून किंचित हलकी होऊ लागते. त्या स्थितीत टॉर्क रेंचने पूर्ण आवळा, आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला. स्वतःहून घट्ट होणारे नट असतील तर नवेच लावा. गॅरेजमध्ये गाडी चाकांवरच उभी राहील असा रॅम्प किंवा खड्डा असेल तर त्याहून सोपं.

गॅरेजमध्ये काम देताना हे एकच वाक्य आधी सांगा: 'फायनल टाइट गाडी खाली उतरवून करा, मी थांबतो.'

पॉलियुरेथेनचे बुश घेऊ का?

रोजच्या गाडीला मी रबरच घेतो. पॉलियुरेथेन तेलाला दाद देत नाही आणि जास्त टिकतो, पण तो पिळत नाही, नळीवर फिरतो. त्याला खास ग्रीस लागतं, वेळोवेळी भरावं लागतं आणि रस्त्याचा प्रत्येक खडा आत जाणवतो. थरथर कमी करायला निघालेल्या माणसाने तो का घ्यावा?

खर्च किती?

दुकानदाराकडून तीन आकडे वेगवेगळे मागा: माल, काढणं-बसवणं, आणि प्रेस. चौथा अलाइनमेंटचा. सगळं एकत्र सांगितलं जातं तेव्हा कोणत्या गोष्टीवर पैसे गेले ते कळत नाही. बिल घ्या, मालाचा खोका आणि भाग क्रमांक जपून ठेवा.

क्रम काय असावा?

आधी रिम धुणं आणि टायर तपासणं, मग बॅलन्सिंग, मग बुश, शेवटी अलाइनमेंट. बुश बदलण्याआधी केलेलं अलाइनमेंट वाया जातं, कारण आर्मची जागाच बदलते.

मागचे बुश कधी पाहायचे?

लेन बदलताना शेपूट उशिरा येतंय असं वाटलं की. बहुतेक छोट्या गाड्यांना मागे एक आडवा बीम आणि दोन मोठे बुश असतात. काढायला अवघड, पण आवळायचा नियम तोच.

फाटलेल्या बुशावर गाडी चालवू शकतो का?

गावात, हळू, गॅरेजपर्यंत. लोखंड लोखंडाला लागत असेल तर महामार्गावर नाही. बॉल जॉइंट सैल असेल तर गॅरेजपर्यंतही नाही, टो करून न्या.

पंधरा वर्षांची गाडी आहे, एवढा खर्च कशाला?

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेता येते, त्याआधी आरटीओत फिटनेस पाहतात आणि सस्पेन्शन, स्टेअरिंग, ब्रेक त्यात येतात. पण त्यापेक्षा मोठं कारण म्हणजे तुम्ही त्या गाडीत घरच्यांना बसवता. इंजिन चांगलं असलेली जुनी गाडी नव्या बुशांनी इतकी वेगळी चालते की लोकांना शंका येते आपलीच आहे का. अनेकांनी विकायला काढलेली गाडी परत ठेवली आहे.

काम झाल्यावर पुन्हा कधी पाहायचं?

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि आर्मचे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा तपासा, गाडी जमिनीवर असताना. नंतर वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, टॉमीची चाचणी. काढलेला जुना बुश टाकून देऊ नका. अर्धा कापून पाहा, चीर कुठून सुरू झाली ते दिसतं: नळीकडून तिरकी गेली असेल तर आवळताना चूक झाली होती, रबर मऊ आणि चिकट असेल तर तेलाची गळती शोधा.